मळवलीचा छापखाना

माथेरानला जाताना तुम्ही नेरळला उतरता ना? तोच लोहमार्ग घाट चढून लोणावळ्यापलीकडे मळवलीला जातो. तिथे राजा रविवर्मा यांचा छापखाना होता!

१८४८ साली केरळात किळिमानूरला जन्मलेल्या या पोराला विलायतेहून आलेल्या थिओडोर जेन्सनने तैलरंग शिकवले नाहीत, त्रावणकोरच्या राजवाड्यात नुसतं बघू दिलं. त्याने बघूनच विद्या उचलली. विलायती धाटणीच्या व्यक्तिचित्रांनी नाव झालं. पण हाताने रंगवलेलं चित्र परवडणार संस्थानिकांना! म्हणून १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला नेला. लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या, ज्यांना देवळात शिरू देत नव्हते त्यांच्याही भिंतीवर. धंदा मात्र बुडाला. कर्जापायी छापखाना जर्मन तंत्रज्ञ श्लायशरला विकला. १९०६ मध्ये रविवर्मा गेले.

आजीच्या देवघरातली जुनी तसबीर जरा उतरवून बघा, कोपऱ्यात छापखान्याचं नाव असेलही.