मायकेल फॅरडे : एका निष्फळ शोधाची कहाणी

मायकेल फॅरडे हे नाव आमच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्यास ठाऊक आहे. तारेच्या वेटोळ्यात चुंबक हलविला की विद्युतधारा निर्माण होते, हा त्यांचा १८३१ चा शोध आपण सर्वांनी शाळेत शिकलेला आहे. परंतु याच पुरुषाने दहा वर्षांच्या अंतराने दोनदा हाती घेतलेला आणि दोन्ही वेळा निष्फळ ठरलेला एक प्रश्न पाठ्यपुस्तकांत येत नाही. आम्हांस येथे मुख्यतः तोच सांगावयाचा आहे.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी झाला. वडील सदा आजारी. १८०१ च्या महागाईत मायकेलच्या वाट्यास एक पाव येई आणि तो आठवडाभर पुरवावा लागे. शाळा लिहिण्यावाचण्यापुरतीच झाली. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून राहिले आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचू लागले. विश्वकोशातील विजेवरचा लेख त्यांनी असाच वाचला. १८१२ मध्ये एका ग्राहकाने दिलेल्या तिकिटांवर त्यांनी सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, स्वहस्ते बांधून ती डेव्हींकडे धाडली. पुढील वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांस साहाय्यकाची जागा मिळाली. डेव्हींसोबतच्या युरोप प्रवासात लेडी डेव्ही त्यांस नोकरासारखे वागवीत. हा अपमान त्यांनी सोसला, पण शिकणे सोडले नाही. उच्च गणित मात्र त्यांस कधीच आले नाही. त्याची जागा त्यांनी हाताच्या कौशल्याने आणि विलक्षण कल्पनाशक्तीने भरून काढली.

निसर्गातील सर्व बले मुळात एकमेकांशी जोडलेली असावीत, ही त्यांची दृढ धारणा होती. वीज व चुंबकत्व यांचे नाते सिद्ध झाले होते. १८४५ मध्ये प्रकाश व चुंबकत्व यांचेही नाते त्यांनी दाखविले. मग गुरुत्वाकर्षणच तेवढे एकटे का राहावे? १८४९ च्या मार्चमध्ये त्यांनी हा विचार रोजनिशीत नोंदविला. चुंबक वेटोळ्याजवळ येताना धारा एका दिशेने वाहते, दूर जाताना उलट दिशेने. त्याचप्रमाणे एखादी वस्तू पृथ्वीकडे पडताना एका दिशेची आणि वर जाताना दुसऱ्या दिशेची धारा मिळावी, असा त्यांचा तर्क होता.

इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहात त्यांनी छताजवळून ३६ फूट खाली, मऊ गादीवर, तारेने वेढलेल्या तांब्याच्या, बिस्मथच्या, काचेच्या दंडगोलांना पाडून पाहिले. तारांची टोके गॅल्व्हनोमीटरला जोडलेली होती. काटा किंचित हलला! दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर शोधाची घोषणा करून मोकळा झाला असता. फॅरडेंनी आधी स्वतःवरच संशय घेतला. पडताना मोकळ्या तारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून जात होत्या आणि धारा त्यामुळे उत्पन्न होत होती, असे त्यांस आढळले. ती त्रुटी दूर करताच काटा स्थिर झाला. हा नकारात्मक निष्कर्षच त्यांनी २८ नोव्हेंबर १८५० रोजी रॉयल सोसायटीपुढे निबंधरूपाने ठेवला.

१८५९ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ते पुन्हा त्याच वाटेस लागले. टेम्स नदीकाठी शिशाचे छर्रे बनविण्याचा एक उंच मनोरा होता. तेथे मणामणाची शिशाची वजने सुमारे १६५ फूट वरखाली करून त्यांवरील विद्युतभार बदलतो काय, हे त्यांनी तपासले. काहीच आढळले नाही. १८६० मध्ये यावर लिहिलेला निबंध सोसायटीचे सचिव स्टोक्स यांच्या सल्ल्यावरून त्यांनी परत घेतला. वयाने, मानाने कितीतरी वडील असूनही त्यांनी तरुण सहकाऱ्याचा सल्ला वाद न घालता मानला, हे आम्हांस त्यांच्या शोधांइतकेच मोलाचे वाटते.

गुरुत्वाकर्षणापासून वीज निघेल ही त्यांची अपेक्षा आजवर खरी ठरलेली नाही. मात्र गुरुत्वातील सूक्ष्म बदल विद्युतचुंबकीय साधनांनी टिपणे आज शक्य झाले आहे. अतिशीत अवस्थेत चुंबकीय बलाने तरंगत ठेवलेला धातूचा गोळा गुरुत्व यत्किंचित बदलताच सरकतो, आणि ते सरकणे विद्युतमापनाने कळते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत दोन ठिकाणी, प्रत्येकी ४ किलोमीटरच्या भुजांतून धावणाऱ्या लेसर प्रकाशाच्या साहाय्याने, गुरुत्वीय लहरी प्रथमच टिपल्या गेल्या. प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग आहे हे मॅक्सवेल यांनी दाखविले, तेही फॅरडेंच्याच बलरेषांच्या कल्पनेवरून. अशीच वेधशाळा आता आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात उभारली जावयाची आहे.

फॅरडे यांनी सर हा किताब नाकारला, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. निबंध परत घेतला त्याच वर्षीच्या नाताळात ते मुलांसमोर मेणबत्तीच्या ज्योतीचे रसायन उलगडीत उभे होते. स्मृती तेव्हाच दगा देऊ लागली होती. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्या रोजनिशीत सोळा हजारांहून अधिक क्रमांकित नोंदी आहेत. मनोऱ्यावरील त्या निष्फळ प्रयोगांच्या नोंदीही त्यांतच, यशस्वी प्रयोगांच्या ओळीने, तशाच क्रमांकाने लिहिलेल्या आहेत.