पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

आपल्या ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांतील पुष्कळ विद्यार्थी व विद्यार्थिनी शाळेच्या अभ्यासासोबत गायनाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा इत्यादी परीक्षांस बसतात. त्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नावातील गांधर्व महाविद्यालय हे शब्द प्रथम कोठे व कोणी उच्चारले, आणि त्यांपायी त्या पुरुषास काय काय सोसावे लागले, हे त्यांतील थोड्यांसच ठाऊक असते. म्हणून हा अल्प चरित्रलेख.

विष्णु दिगंबर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड संस्थानात झाला. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार. तेव्हा सूर आणि ताल घरातच होते. परंतु मुलाने गवई व्हावे असे त्या काळी कोणताही गृहस्थ मनात आणीत नसे. बालपणी एका उत्सवात फटाक्याच्या दारूने विष्णूच्या डोळ्यांस जबर इजा झाली. उपचारांसाठी त्यास मिरजेस आणले गेले. डॉ. वॉनलेस यांचे मिशन इस्पितळ त्या गावी उभे राहिले ते पुढे १८९४ मध्ये. या मुलाच्या वाट्यास ते आले नाही. दृष्टी अधू झाली, पुस्तकी विद्या खुंटली, आणि केवळ निरुपाय म्हणून त्यास गायनाकडे वळविण्यात आले. मिरजेच्या अधिपतींनी आश्रय दिला. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे गुरू लाभले. त्यांच्यापाशी कित्येक वर्षे कठोर मेहनत चालली.

त्या वेळी गवयाची स्थिती कशी होती, हे आजच्या वाचकांस सांगितल्यावाचून पुढील कथा उमगणार नाही. राजेरजवाडे गवयास पोशीत, त्याच्या तानेवर मान डोलवीत, पण आपल्या बरोबरीने बसवीत नसत. मिरजेतील एका समारंभास शिष्यास बोलावणे आले व गुरूस ते आले नाही, कारण ते केवळ गवई. ही गोष्ट विष्णूच्या मनास फार लागली, असे सांगतात. इ. स. १८९६ मध्ये त्यांनी सुरक्षित राजाश्रय सोडला आणि ते देशाटनास निघाले.

युरोपातही हा पालट याच रीतीने झाला होता. तेथील मोजक्या वाद्यांचे दिवाणखान्यातील संगीत हे आपल्या बैठकीचे भावंडच होय. त्याचा थोर रचनाकार हायडन हा एस्टरहाझी सरदारांच्या पदरी नोकराचा पोशाख घालून वावरला. इ. स. १७९१ मध्ये तो लंडनला गेला, तेथे वर्गणीदार श्रोत्यांपुढे त्याच्या कृतींचा हंगाम झाला, आणि त्याच वर्षी ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यास सन्मानाची पदवी दिली. आपल्याकडे तो हंगाम व ते विद्यापीठ दोन्ही उभी करण्याचे काम विष्णु दिगंबरांवर पडले.

बडोद्यानंतर काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. चार पैसे मोजणारा कोणीही इसम आत येऊ लागला, आणि गवई कोणा एकाचा आश्रित राहिला नाही. बैठकीतील जवळीक त्यामुळे काहीशी उणावली हे खरे. परंतु तो तोटा सोसण्याजोगा होता. पुढे ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते लाहोरास पोचले व ५ मे १९०१ रोजी तेथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. संस्थानिकाच्या कृपेवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर व जलशांच्या उत्पन्नावर चालणारी ही शाळा होती. आरंभी विद्यार्थी जवळजवळ नव्हतेच. रिकाम्या वर्गात गुरुजी एकटेच तंबोरा घेऊन बसत, असे सांगतात. मग हळूहळू मुले आली, मुलीही आल्या. वेळापत्रक, वर्ग, परीक्षा, छापील क्रमिक पुस्तके या गोष्टी गायनात प्रथमच व्यवस्थितपणे दिसू लागल्या. निवडक तरुणांस जेवणखाण पुरवून नऊ वर्षे शिकवावे व त्यांनी पुढे शिक्षक व्हावे, अशी योजनाही होती. त्यांची स्वरलेखनपद्धती मात्र फार किचकट. पंडित भातखंडे यांची सुटसुटीत पद्धती अखेर अधिक रूढ झाली, आणि ते योग्यच झाले.

इ. स. १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय निघाले. सँडहर्स्ट रोडवर त्याची भव्य इमारत उभी राहिली, ती कर्ज काढून. कर्ज फेडण्यासाठी पंडितजी गावोगाव जलसे करीत हिंडले. एकीकडे काँग्रेसच्या अधिवेशनांत राष्ट्रगीत गाणे, दुसरीकडे संगीत परिषदा भरविणे, तिसरीकडे शिष्यांचा योगक्षेम. व्याज मात्र थांबत नव्हते. अखेरीस ती वास्तू सावकारांच्या हाती गेली. घरातही दुःखाची कमतरता नव्हती. अनेक अपत्ये अल्पवयात गेली, आणि १९२१ मध्ये जन्मलेला दत्तात्रेय तेवढा राहिला. उत्तरायुष्यात ते नाशिकास रामनामात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या कार्यात एक उणीव राहिली, ती सांगितली पाहिजे. गायनास सभ्य घरांत नेताना ज्या कलावंतिणींनी पिढ्यानुपिढ्या ही विद्या जतन केली, त्यांस या नव्या मंदिरात मानाचे आसन मिळाले नाही. गवयाचा अपमान ज्यास सहन झाला नाही, त्याच्याकडून हे राहून जावे याचे वाईट वाटते.

इमारत गेली तरी माणसे उरली. नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात प्रार्थनासंगीत चालवीत व १९३० च्या दांडीयात्रेत गांधीजींसह चालले. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकूर पुढे बनारस हिंदु विश्वविद्यालयात संगीत विभागाचे प्रमुख झाले. ज्या गवयास समारंभाचे निमंत्रण मिळत नसे, त्याचा नातशिष्य विद्यापीठात आचार्यपदी बसला. आपल्याच कल्याणास १९२६ मध्ये गायन समाज स्थापन झाला, तेथेही राजवाड्याविना गाण्याची बैठक भरू लागली. गुरुजींच्या निधनाच्या वर्षीच, १९३१ मध्ये, शिष्यांनी अहमदाबादेस एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. त्या मंडळाची एक वास्तू आज आपल्या ठाणे जिल्ह्यात, वाशी येथे आहे. दत्तात्रेय, म्हणजे द. वि. पलुसकर, वडील वारले तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांच्या शिष्यांनीच त्यास गाणे शिकविले.