श्रीगाडगेबाबांचा खराटा

पुणे जिल्ह्याच्या मावळात भाजे म्हणून गाव आहे, ते आमच्या पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. मळवली स्टेशनावर उतरून थोडे चालले की डोंगराच्या कुशीत गाव लागते. माथ्यावर विसापूर, शेजारी लोहगड, आणि मध्ये दोन हजार वर्षांहून जुनी बावीस लेणी. तिथल्या भिक्षूंनी राहण्यासाठी दगड कोरला, तसाच पाण्यासाठीही कोरला. पावसाचे पाणी साठवण्याच्या त्यांच्या पोढी आजही तेथे पाहावयास मिळतात.

गेल्या श्रावणात या भाज्यात सप्ताहाच्या समाप्तीला काल्याची सेवा आमच्याकडे होती. कीर्तन झाले, दहीहंडी फुटली, महाप्रसाद झाला. गावकऱ्यांनी आम्हाला शाल आणि नारळ दिला. संध्याकाळी निघण्यापूर्वी हातपाय धुवावेत म्हणून ओढ्यावर गेलो, तो काय सांगावे! वरच्या अंगाला पत्रावळ्यांचा ढीग पडलेला. पळसाच्या पत्रावळ्या नव्हेत. वरून चकचकीत कागद डकवलेल्या, वर्षभर पाण्यात ठेवल्या तरी न कुजणाऱ्या. द्रोण, पाण्याचे पेले, उरलेला भात, आमटी सगळे एकत्र, आणि पावसाच्या सरीबरोबर त्यातला एकेक जिन्नस ओढ्यात घसरत होता. त्या ढिगावर एक प्लॅस्टिकची पिशवी होती. ती आम्ही लगेच ओळखली. दुपारी आमच्या खांद्यावर पडलेली शाल त्याच पिशवीतून निघाली होती.

हा ओढा जातो कोठे? जातो इंद्रायणीला. आणि इंद्रायणी? लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावून कामशेतवरून देहूस, देहूहून आळंदीस, पुढे तुळापुरास भीमेला मिळते, आणि ती भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. आम्ही ज्या वाटेने पायी जातो, त्या वाटेने आमचे उष्टे आमच्या आधी निघाले होते. गेली काही वर्षे आळंदीला ऐन वारीच्या दिवसांत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना आपण पाहतो आणि कारखान्यांना व शहरांना बोल लावतो. तो बोल योग्यच आहे. न शुद्ध केलेले सांडपाणी आणि रसायनांचे पाणी नदीत सोडले जाते, हे उघड आहे. पण त्या दिवशी भाज्याच्या ओढ्याकाठी आम्हाला कोणाकडे बोट दाखवता येईना.

तेव्हा आठवण झाली ती श्रीगाडगेबाबांची. येत्या २० डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी. त्यानिमित्त त्यांचे चरित्र थोडे सांगावे, असे मनात आहे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट कुळात झाला. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखूबाई. मुलाचे नाव डेबूजी. दारूपायी वडील लवकर गेले आणि आई लेकराला घेऊन दापुऱ्यास भावाच्या आश्रयाला आली. तेथे डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला. पुढे सावकाराच्या कागदात मामाची जमीन गेली. अक्षर न येण्याची किंमत काय असते, ती या मुलाने तेथे पाहिली. पुढच्या आयुष्यात कर्ज, दारू आणि अडाणीपण यांवर ते कीर्तनातून तुटून पडत, त्याचे मूळ येथे आहे. लग्न झाले, लेकरे झाली, आणि १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले.

आता त्यांचा वेष पाहा. अंगावर टाकून दिलेल्या चिंध्या जोडून केलेले वस्त्र. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. डोक्यावर फुटक्या गाडग्याचे खापर. ऊन लागले तर तीच टोपी, भाकरी मिळाली तर तेच ताट, तहान लागली तर तेच भांडे. लोक हसत, वेडा म्हणत. पण मंडळी, जरा मोजून बघा. कुंभाराने केलेले गाडगे कोणाच्या तरी घरी फुटले, ते उकिरड्यावर गेले, आणि तेथून उचलून या माणसाने त्याचे तीन उपयोग केले. चिंधीचे तेच, काचेचे तेच. जगाने ज्याला केर म्हटले, त्यातूनच त्यांचा सगळा संसार उभा राहिला. गाडगेबाबा हे नाव त्यांना लोकांनी दिले, ते त्या खापरावरून.

आणि हातात खराटा. गावात शिरले की ते देवळात जात नसत, पाटलाच्या वाड्यावर जात नसत. सरळ गटाराशी जात. रस्ता झाडत, नाली मोकळी करीत, साचलेल्या घाणीला वाट करून देत. कोणी हाक मारली तरी मान वर नाही. गाव झाडून झाले की रात्री त्याच जागी लोक जमत, आणि मग कीर्तन. कीर्तनही आमच्यासारखे नव्हे. अभंग घ्यावा, पदच्छेद करावा, दोन संस्कृत वचने फेकावीत, असला थाट तेथे नसे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घेत, आणि मध्येच गोपाळाचा गजर उठे. पाया पडू देत नसत. बिदागी तर दूरच. सकाळ व्हायच्या आत ते पुढच्या गावाला लागलेले असत.

आम्ही लहानपणी पाठशाळेत लघुकौमुदी घोकली. पतंजलींनी नियम सांगताना शौच पहिले घातले, गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत शौच आले, हे आम्ही चाळीस वर्षे गादीवरून सांगत आलो. मृत्तिकेने, जलाने शरीर शुद्ध होते, विवेकाने मन. पण हात धुतलेले ते पाणी पुढे कोठे जाते, हा प्रश्न आमच्या निरूपणात एकदाही आला नाही. बाबा निरक्षर होते. ते नेमके तेथूनच सुरुवात करीत.

त्यांच्या सेवेचे एक मोठे ठिकाण म्हणजे पूर्णाकाठचे ऋणमोचन. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरे. नदीचा काठ चिखलाचा, म्हातारीकोतारी घसरून पडत. बाबांनी तेथे हातांनी पायऱ्या केल्या, लोकांना आधार दिला, पुढे घाट बांधवला. पंढरपुरातही तेच. वारीला ते जात, पण देवळाच्या रांगेत उभे राहण्याऐवजी चंद्रभागेच्या वाळवंटातली घाण काढीत. आज हे वाचताना सात्त्विक वाटते; त्या काळी त्याचा अर्थ फार कठोर होता. यात्रेत पटकी येई. मानवी विष्ठा पाण्यात उतरते आणि त्या पाण्यावाटे पटकी पसरते, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८४ च्या सुमारास तिचा जंतू शोधल्यावर शास्त्राने निश्चित केले होते. पण पंढरीच्या वाळवंटात ते कोणाला ठाऊक? शेकडो वारकरी विठ्ठल विठ्ठल म्हणत त्या पाण्याने गेले. नदीकाठची विष्ठा उचलणारा खराटा हे तेथे औषध होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आमच्या समाजाने झाडणे आणि मैला उचलणे हे काही जातींच्या माथी मारले आणि उरलेले सगळे शुद्ध म्हणून मिरवले. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहायचे आणि रोज केरसुणी धरणाऱ्याला अंगणाबाहेर उभे करायचे, ही आमची रीत! बाबांनी आपण होऊन खराटा धरला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. अस्पृश्य वारकऱ्यांना पंढरपुरात टेकायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांचेही असेच. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून त्या विद्वानाने अन्न सोडले होते. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणारे साधे संडास बांधून दाखवले. पण त्यांचे चरित्र स्वतंत्रपणे सांगावे लागेल.

बाबांच्या धर्मशाळा पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक, मुंबई अशा पसरल्या. मुंबईत इस्पितळाजवळची धर्मशाळा रोग्यांच्या नातलगांसाठी. लाखोंची देणगी आली, पण त्यांनी स्वतःसाठी खापराखेरीज काही ठेवले नाही. बायकोमुलांनाही धर्मशाळेच्या छपराखाली घेतले नाही. १९२३ साली खारेपाटणला कीर्तन चालू असता मुलगा गोविंद गेल्याची वार्ता आली. कीर्तन थांबले नाही. १९५२ साली कामाची घडी बसवण्यासाठी मिशन स्थापन झाले. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला पोलिसांच्या आवारात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. ज्यांनी ऐकले नसेल त्यांनी जरूर ऐकावे. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीपाशी मोटारीतच त्यांचा देह पडला. बाबासाहेब जाऊन तेव्हा पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते.

त्यांच्या नावाने महाराष्ट्र सरकारने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. अनेक गावांनी खरोखर कात टाकली. काही गावे मात्र तपासणी समिती यायच्या दिवशी तेवढी झाडली गेली, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

तर भाज्याकडे वळतो. आमच्या मनात एक शंका राहिली होती. बाबांच्या काळातला केर म्हणजे शेण, काडीकचरा, राख, खापर. तो झाडून एका जागी केला की मातीत मिळून जाई. आजचा केर झाडला तरी जातो कोठे? खराट्याने तो एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाईल, एवढेच. त्या संध्याकाळी आम्ही निघालो नाही. रात्री देवळात गावची मंडळी बसली. आम्ही म्हणालो की पुढच्या वर्षी सेवा द्यायची असेल तर पत्रावळ पानांची असावी आणि आम्हाला शाल नको. एक वडीलधारे म्हणाले की महाराज, पानांच्या पत्रावळ्या लावणारी माणसे आता राहिली कोठे, आणि शनिवार-रविवारी धबधब्यावर येणारे हजारो लोक जे टाकून जातात त्याचे काय करणार? उत्तर आमच्याजवळ नव्हते. तरुण पोरांनी ते काढले. वेगळे करायचे, एवढेच त्यांचे सूत्र: कुजणारे एकीकडे, न कुजणारे दुसरीकडे, आणि सांडपाणी तिसरीकडे.

कुजणाऱ्यासाठी त्यांनी जी पद्धत निवडली, तीही वऱ्हाडातलीच. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती बसवली, म्हणून तिला नाडेप म्हणतात. जमिनीवर विटांचे टाके, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतींत मुद्दाम भोके ठेवायची, म्हणजे आत हवा खेळते आणि घाण वास येत नाही. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती. असे थरावर थर रचून वरून लिंपायचे. तीन-चार महिन्यांत खत. थोड्याशा शेणात पुष्कळ कचऱ्याचे सोने होते, हे तिचे वैशिष्ट्य. सांडपाण्यासाठी शोषखड्डा: मोरीपाशी साधारण मीटरभर लांब, रुंद, खोल खणायचे, खाली मोठे दगड, वर लहान, मध्ये बुडाला भोके पाडलेले मडके. तेलकट गाळ मडक्यात अडतो, तो अधूनमधून काढायचा. पाणी दगडांतून मातीत मुरते. गटार नाही, डबके नाही, डास नाही. विहिरीपासून मात्र दूर खणावा. जेथे अंगण आहे तेथे तर तेच पाणी केळी-अळूला द्यावे. मावळातल्या आज्या हेच करीत. मोरीमागचे अळू कोणाच्या घरी नव्हते?

राहिले न कुजणारे. त्याला उपाय एकच, मुळात आणूच नये. थर्मोकोलच्या आणि प्लॅस्टिकच्या ताटांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे. तरी दुकानात नव्या रूपाने ती मिळतातच. गावाने सप्ताहासाठी भांडी घेण्याचे ठरवले. धुवायला माणसे लागतील, अशी तक्रार निघाली. त्यावर आम्ही बोलून गेलो की पंगतीनंतर भांडी घासायला आम्ही बसू. बोलून गेलो खरे. रात्री झोप आली नाही, कारण चाळीस वर्षांत आम्ही पंगतीतून हात धुऊन उठलो आहोत, एक ताटही विसळलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारे ओढ्यावर गेलो. आम्हीही खराटा घेतला. पोरांनी आम्हाला काठावर उभे केले, पाण्यात उतरू दिले नाही, आणि तो ढीग त्यांनी हातांनी निवडून वेगळा केला. आमच्या शालीची पिशवी आम्ही स्वतः उचलली, धुतली आणि बरोबर आणली. सध्या तिच्यात टाळ ठेवतो.

दसऱ्यानंतर भाज्याहून निरोप आला की टाके भरून लिंपले आहे. पौषात उघडणार आहेत, आणि पहिली टोपली देवळापुढच्या तुळशीला घालायची आहे, म्हणून आम्हाला बोलावले आहे.