माझे आवडते कवी : बालकवी

मला बालकवी फार आवडतात. त्यांचे पूर्ण नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशात धरणगावी झाला. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तिथे या कोवळ्या पोराने कविता म्हटली आणि मोठमोठी माणसे थक्क झाली. तेव्हापासून ते बालकवी झाले.

फुले, झरे, पाऊस यांचे त्यांना भारी वेड. फुलराणी, श्रावणमास, औदुंबर या त्यांच्या कविता. औदुंबर तर फक्त आठ ओळींची! अहमदनगरला ते रेव्हरंड टिळकांच्या घरी राहत. लक्ष्मीबाई टिळकांनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली.

५ मे १९१८ ला भादली स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना ते गाडीखाली सापडले. वय अवघे सत्तावीस. पत्नी पार्वतीबाई मागे राहिल्या.

बाईंनी हे सांगितले तेव्हा वर्गात कुणी बोलेना. आम्ही वस्तीवरची पोरं रूळ ओलांडूनच शाळेत येतो. गाडी दिसली की शर्यत लावायचो. आता मी लावत नाही. थांबतो, दोन्हीकडे बघतो, मगच जातो. मित्रांनो, तुम्हीपण थांबा. आणि पालकांनो, तुम्हीसुद्धा!

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी