मीरोपोल सर

या स्मरणिकेत बहुतेकांनी आपापल्या आवडत्या सरांवर आणि बाईंवर लिहिले आहे, आणि ते योग्यच आहे. मी मात्र एका परक्या शाळेतल्या सरांबद्दल लिहिणार आहे. त्यांचे नाव एबल मीरोपोल. नाव ओळखीचे वाटणार नाही, पण त्यांचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गाणे जगभर पोचले आहे. बिली हॉलिडेने ते गायले आणि ते तिचेच होऊन बसले. ते लिहिले आणि त्याला चाल लावली ती एका हायस्कूलच्या मास्तरांनी.

मीरोपोल यांचा जन्म १९०३ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. आईवडील रशियातून आलेले ज्यू. डिविट क्लिंटन हायस्कूल ही मुलांची सरकारी शाळा तेव्हा मॅनहॅटनमध्ये होती. तिथून ते १९२१ साली बाहेर पडले. सिटी कॉलेजची पदवी आणि हार्वर्डची एम. ए. घेऊन ते परत आले ते आपल्याच शाळेत, इंग्रजीचे शिक्षक म्हणून. १९२९ मध्ये शाळा ब्राँक्समध्ये नव्या इमारतीत गेली. विद्यार्थी हजारोंच्या संख्येने, त्यांत स्थलांतरितांची मुले पुष्कळ. सरांनी तिथे सुमारे सतरा वर्षे शिकवले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तिकडचा इंग्रजीचा तास म्हणजे आपल्याकडचा मराठीचा तास. भाषा, कविता, निबंध, नाटक आणि त्या निमित्ताने जगातले सगळे काही त्यात येते. गणित-विज्ञानाच्या शिक्षकाला जी मोकळीक नसते ती या शिक्षकाला असते, आणि अडचणीतही तोच आधी येतो. डिविट क्लिंटनमध्ये ‘मॅगपाय’ नावाचे विद्यार्थ्यांचे वाङ्मयीन नियतकालिक निघे. कवी काउंटे कलन याच शाळेचे, मीरोपोल सरांच्याच काळातले विद्यार्थी. तेही पुढे शिक्षक झाले. हार्लेममधल्या एका शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेला जेम्स बाल्डविन नंतर डिविट क्लिंटनमध्ये आला. त्याने रिचर्ड अ‍ॅव्हेडॉनबरोबर ‘मॅगपाय’चे संपादन केले. पुढे एक मोठा लेखक झाला, दुसरा मोठा छायाचित्रकार. बाल्डविन मीरोपोल सरांच्याही वर्गात होता. एका शाळेच्या वाट्याला याहून अधिक काय यावे!

आता त्या गाण्याकडे वळतो. ७ ऑगस्ट १९३० रोजी इंडियाना राज्यातल्या मेरियन गावात जमावाने थॉमस शिप आणि एब्राम स्मिथ या दोन कृष्णवर्णीय तरुणांना तुरुंगातून ओढून काढले, मारले आणि झाडाला लटकवले. खाली उभ्या असलेल्या गोऱ्या बायाबापड्यांसकट त्याचा फोटो काढला गेला आणि त्याच्या प्रती हजारोंनी विकल्या गेल्या. तो फोटो सरांच्या पाहण्यात आला. ते दिवसचे दिवस बेचैन होते. त्यातून झालेली कविता जानेवारी १९३७ मध्ये शिक्षक संघटनेच्या मासिकात छापून आली. म्हणजे हे गाणे प्रथम वाचले ते शाळामास्तरांनी. नंतर सरांनी स्वतःच चाल बसवली. त्यांच्या पत्नी अ‍ॅन आणि इतर काहीजण ते सभांमधून गात.

१९३९ मध्ये ते बिली हॉलिडेपर्यंत पोचले. ‘कॅफे सोसायटी’ या क्लबात काळे-गोरे एकत्र बसत. तिथे ती हे गाणे शेवटी म्हणे. वेटर थांबत, दिवे मालवत, फक्त तिच्या चेहऱ्यावर उजेड राही. तिच्या नेहमीच्या कंपनीने ध्वनिमुद्रण करायला नकार दिला, तेव्हा कमोडोर या छोट्या कंपनीने ते केले. तबकडीवर कवीचे नाव होते लुइस अ‍ॅलन. सरांचे हे टोपणनाव. लुइस आणि अ‍ॅलन ही त्यांच्या दोन मुलांची नावे. दोन्ही मुले मृतच जन्माला आली होती.

टोपणनावामुळे खरे नाव मागे पडले. हॉलिडेच्या आत्मचरित्रात तर चालीचे श्रेय तिने स्वतःकडेही घेतले. सरांना ते फार लागले, आणि हे आपले काम आहे असे ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. मला यात हट्ट दिसत नाही. कुणालाही लागेल अशीच ती गोष्ट होती.

दरम्यान, शाळा-कॉलेजांतले कम्युनिस्ट शोधण्यासाठी न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने समिती नेमली होती. सर त्या काळी पक्षाचे सभासद होते. समितीने त्यांना बोलावून विचारले, की हे गाणे लिहिण्याबद्दल पक्षाने पैसे दिले का. अनेक शिक्षकांच्या नोकऱ्या त्या चौकशीत गेल्या. सरांची तेव्हा टिकली. १९४५ च्या सुमारास त्यांनी आपण होऊन शाळा सोडली आणि लेखनाला वाहून घेतले. त्याच वर्षी ‘द हाउस आय लिव्ह इन’ हे त्यांचे गाणे फ्रँक सिनात्राने एका लघुपटात गायले. शेजारी राहणाऱ्या काळ्या-गोऱ्यांचा उल्लेख असलेले कडवे लघुपटात गाळले होते. ते कळताच सर चित्रपटगृहातच इतके संतापले, की त्यांना बाहेर काढावे लागले, असे त्यांच्या धाकट्या मुलाने सांगितले आहे.

हा मुलगा त्यांच्या घरी आला त्याचीही हकीकत आहे. १९ जून १९५३ रोजी ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग या दांपत्याला हेरगिरीच्या कटाबद्दल देहान्ताची शिक्षा झाली. मागे राहिले मायकेल, वय दहा, आणि रॉबर्ट, वय सहा. त्या दिवसांत रोझेनबर्ग हे नाव घेणेही धोक्याचे होते आणि नातलगही कचरत होते. नाताळच्या सुमारास डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्या घरी सर आणि अ‍ॅन या मुलांना भेटले, आणि थोड्याच दिवसांत मुले त्यांच्याकडे राहायला आली. पुढच्या वर्षी अधिकाऱ्यांनी मुलांना घरातून उचलून नेले. कोर्टकचेरी झाली, मुले परत मिळाली, पुढे रीतसर दत्तक घेतली गेली. त्यांच्या पालनपोषणाला गाण्यांचे मानधन कामी आले.

अ‍ॅन १९७३ मध्ये गेल्या. अखेरच्या वर्षांत सरांना स्मृतिभ्रंश झाला. ऑक्टोबर १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लाँगमेडो गावी ते वारले. धाकटा रॉबर्ट वकील झाला. थोरला मायकेल तिथून जवळच्याच एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होता. दोघांनीही मीरोपोल हेच आडनाव लावले.