अप्पासाहेब पटवर्धन : श्रमातून समतेकडे

कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. मात्र अस्पृश्यतेवर केवळ व्याख्याने देण्यापेक्षा त्यांनी हाती झाडू घेतला. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैलासफाईचे काम मागितले. ब्राह्मणाला ते देता येणार नाही, अशी तुरुंगाधिकाऱ्यांची भूमिका होती. निषेधार्थ अप्पासाहेबांनी आहार घटवला. त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनीही डिसेंबरमध्ये येरवड्यात उपोषण केले.

परंतु एका ब्राह्मणाने मैला उचलल्याने प्रश्न सुटत नव्हता. तो उचलण्याची पाळी कुणावरच येऊ नये, अशी संडासाची रचना हवी, हे त्यांनी ओळखले. १९४८ मध्ये कणकवली येथे स्थापन केलेल्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे जागीच खत करणारा, अल्पखर्चाचा संडास रूढ केला. मृत जनावरांची कातडी कमावण्याचे कामही तेथे जातीचे बंधन तोडून चालवले.

हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा कायदा त्यांच्या निधनानंतर २२ वर्षांनी, १९९३ मध्ये झाला. गटारांत उतरणाऱ्या कामगारांचे बळी मात्र आजही जातात. अप्पासाहेबांचे कार्य अद्याप अपुरेच आहे.