कडधान्यांतले चिलखत शोधणाऱ्या कमलाबाई

परतीच्या पावसात भिजलेला मका आणि भुईमूग मिरजेच्या बाजारात आला की काही दाण्यांवर हिरवट बुरशी दिसते. शेजारचे दाणे मात्र स्वच्छ असतात. बीही स्वतःचे रक्षण करते, हे त्याचे एक कारण. बुरशीला आणि किडीला अडवणारी काही प्रथिने तिच्यात असतात. यातल्या एका प्रकारच्या प्रथिनांचा आपल्या रोजच्या कडधान्यांत अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कमला भागवत यांचा जन्म 1911 चा, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आलेल्या कमलाबाईंनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि सत्याग्रहाची भाषा बोलू लागल्या. अखेर एक वर्ष परीक्षेवर ठेवण्याच्या अटीने प्रवेश मिळाला. अट अपमानास्पद होती, तरी त्यांनी ती मान्य केली. श्रीनिवासय्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळींतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि पुढच्या मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले.

तिथून त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी आढळले. पेशीच्या श्वसनात, म्हणजे ऊर्जा तयार होण्यात, या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. रोग पडलेल्या झाडाचे श्वसन वाढते, कारण लढायलाही ऊर्जा लागते. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर त्यांना डॉक्टरेट मिळाली.

1939 मध्ये त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि 1947 च्या विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. 1954-55 च्या सुमारास भारतीय भाज्या आणि कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधकांवरचे त्यांचे काम प्रसिद्ध झाले. ट्रिप्सिन हे आपल्या स्वादुपिंडातून येणारे, प्रथिने पचवणारे विकर. कच्च्या कडधान्यातील रोधक त्याला अडवतात, म्हणून ते पचायला जड. नीट शिजवले की हे रोधक बऱ्याच अंशी निकामी होतात.

पण झाडाला हे रोधक कशाला हवेत? 1972 मध्ये अमेरिकेत दिसून आले, की कीड पान कुरतडू लागली की बटाटा आणि टोमॅटोची झाडे असेच रोधक तयार करतात. किडीचे पचन बिघडते. बुरशीही आपली विकरे सोडून दाण्यातील प्रथिने विरघळवते, आणि काही रोधक तिची वाढही रोखतात. बुरशीला दाद न देणाऱ्या मक्याच्या वाणांत ट्रिप्सिनरोधक जास्त असल्याचे 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी दिल्लीत आपल्याच सत्कार समारंभात कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत होत्या. अन्नातील भेसळ घरी कशी ओळखावी, हे त्या लोकांना सांगत. स्वयंपाकघरात आजही लक्षात ठेवावा असा एक फरक आहे. दाण्याचे स्वतःचे रोधक शिजवल्याने जातात, पण बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, घरच्या शिजवण्याने वा भाजण्याने पुरते जात नाही. ते यकृतावर घाला घालते. 1974 मध्ये गुजरात-राजस्थानच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. म्हणून कडधान्य भिजवून, चांगले शिजवून खावे. बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मका मात्र धुऊन, वाळवून, भाजूनही खाऊ नयेत. जनावरांनाही घालू नयेत.